दोनच बंदुका ठेवता येतात. मग बोर कोणता घ्यावा?

बंदुकीचा परवाना हाती पडला की बहुतेक माणूस सरळ दुकान गाठतो आणि भिंतीवर टांगलेल्यांपैकी सर्वांत देखणी बंदूक खाली उतरवायला सांगतो. बोर कोणता, काडतूस कोठून येणार, दुरुस्ती कोण करणार, हे प्रश्न पैसे मोजून झाल्यावर सुचतात. कापड किंवा किराणा मालाचा सौदा कोणताही शहाणा व्यापारी अशा रीतीने करणार नाही. मग हजारो रुपयांची, जिवाशी आणि कायद्याशी गाठ असलेली वस्तूच अशी का घ्यावी?

हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेतो याला कारण आहे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांचे दुकान बाजारात असले तरी शेत किंवा बाग गावी आहे. विदर्भात संत्र्याची बाग, मराठवाड्यात तूर-हरभरा, कोकणात आंबा-काजू आणि भात. रानडुकराचा कळप एका रात्रीत भुईमुगाचे शेत उकरून जातो आणि रोह्यांचा कळप कोवळे हरभरे चरून टाकतो. तेव्हा राखणीसाठी परवाना काढण्याचा विचार पुढे येतो आणि बंदुकीची निवड करण्याची वेळ येते.

कायद्याने जागा दोनच ठेवल्या

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. शस्त्र अधिनियम १९५९ चा असून १९८३ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ही संख्या दोनवर आली. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती एका वर्षाच्या आत ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी २२ बोरच्या रायफलीपुरती या मोजणीतून सूट आहे; ती सर्वांना लागू नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की प्रत्येक परवानाधारकाकडे दोन खुर्च्या आहेत. वडिलांची जुनी बंदूक वारशाने नावावर आली असेल तर एक खुर्ची आधीच भरलेली आहे. वारसाहक्कालाही दोनची मर्यादा लागू आहे. गल्ल्यात ठेवायला म्हणून रिव्हॉल्व्हर घेतले असेल तर दुसरी भरली. मग शेतासाठी काय उरले? आम्ही अशी घरे पाहिली आहेत की जेथे कपाटात नक्षीदार मुठीचे रिव्हॉल्व्हर आहे आणि शेतात राखण करणारा गडी डबा बडवून डुकरे हाकतो आहे. शोभेच्या वस्तूला खुर्ची दिली म्हणजे कामाच्या वस्तूला उभे राहावे लागते.

शिकार आणि राखण यांत फरक आहे

दुसरी गोष्टही तितकीच स्पष्ट बोललेली बरी. आपल्या देशात हौसेची शिकार बंद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला, १९९१ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या जनावराला मारायचे असेल तर याच कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. अर्ज वनखात्याकडे करायचा, पंचनामा व्हायचा, आणि परवानगीत जेवढे लिहिले असेल तेवढेच करायचे.

अशा परवानगीने मारलेले जनावरही मारणाऱ्याचे होत नाही. ते सरकारची मालमत्ता ठरते. रोह्याचे मांस वाटून घेणे, कातडे चांभाराकडे देणे, सुळे कोणाला विकणे, हे सर्व गुन्ह्यात मोडते. आपल्यापैकी जे चामड्याच्या किंवा मांसाच्या धंद्यात आहेत त्यांनी अशा मालाला हातही लावू नये. "परवानगीचे जनावर आहे" असे सांगणारा माणूस सौदा करून निघून जातो आणि जप्ती दुकानदारावर येते.

बोर म्हणजे काय?

आता निवडीकडे वळू. बोर या आकड्यांनी भल्याभल्यांचा गोंधळ होतो, कारण गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा हिशेब एक आणि आटे पाडलेल्या नळीच्या रायफलीचा दुसरा.

बारा बोरची बंदूक म्हणजे जिच्या नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोल गोळा एका रत्तलात बारा चढतो. म्हणून इथे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. बारा बोरच्या नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. रायफलीत मात्र आकडा इंचाच्या हजाराव्या किंवा शंभराव्या भागात असतो. ३१५ बोर म्हणजे इंचाचे ३१५ हजारांश, म्हणजे आठ मिलिमीटर. २२ बोर म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या जवळपास. ३०-०६ यातील ३० हा नळीचा व्यास सांगतो आणि ०६ हे साल सांगते. अमेरिकेच्या लष्कराने हे काडतूस १९०६ मध्ये स्वीकारले.

आकडा सारखा म्हणजे माल सारखा, असेही समजू नये. ३०-०६ आणि ३०८ या दोन्हींच्या नळीचा व्यास एकच आहे. पण एकाच्या काडतुसाची टोपी ६३ मिलिमीटर लांब, दुसऱ्याची ५१. कायद्याच्या दृष्टीने तर दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्या रायफलीत लष्कराचे ७.६२ किंवा ३०३ चे काडतूस चालू शकते ती प्रतिबंधित बोरमध्ये जाते आणि सामान्य परवान्यावर मिळत नाही. ३०८ त्यात अडकते, ३०-०६ सुटते. म्हणजे कायदा नळीची रुंदी पाहत नाही, कोणते काडतूस आत बसते ते पाहतो.

हे आजचे नाही. इंग्रजांनी १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात ४५० बोरच्या रायफलींवर बंदी घातली, कारण त्या मापाच्या गोळ्या लष्कराच्या जुन्या बंदुकांना चालत. तेव्हा विलायतेच्या कारखानदारांनी लागलीच ४६५, ४७० असे नवे बोर काढले. आपल्याकडे चालणारा ३१५ बोर याच जातीचा आहे. मूळचे ते ऑस्ट्रियाच्या लष्कराचे आठ मिलिमीटरचे काडतूस; सरकारी साठ्याशी जुळत नाही म्हणून नागरिकांना देण्यास सोयीचे ठरले. बोरची निवड शास्त्राने जितकी केली तितकीच कायद्याने केली आहे.

आधी काडतूस पाहा, मग बंदूक

आमचा मुख्य मुद्दा येथे आहे. बंदूक एकदा घ्यायची असते, काडतूस जन्मभर घ्यायचे असते. शिवणयंत्र विकत घेणारा कारागीर आधी विचारतो की याची सुई आणि बॉबिन आपल्या पेठेत मिळते का. हाच प्रश्न बंदुकीच्या बाबतीत पहिला यायला हवा.

आपल्या देशात नागरिकांसाठी परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत मिळते. म्हणून जुन्या विलायती रायफली हातोहात फिरतात. ३७५ ची हॉलंड, २७५ ची रिग्बी अशी नावे ऐकली की शौकिनाचे डोळे चमकतात. वस्तू उत्तम, यात शंका नाही. पण त्यांची काडतुसे सहज मिळत नाहीत, मिळाली तर जुनी मिळतात आणि दर विक्रेता सांगेल तो. काडतुसाविना रायफल ही लोखंडाची महागडी काठी होय.

याउलट ३१५ आणि ३०-०६ या दोन्ही रायफली कोलकात्याजवळच्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याच्या. बारा बोरची आणि ३१५ ची काडतुसे आपल्या पुण्याच्या खडकीतील दारूगोळा कारखान्याची, जो १८६९ पासून उभा आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी जुने आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. इशापूर एका कंपनीकडे गेले, खडकी दुसरीकडे. नावे बदलली तरी माल देशीच राहिला. ज्याचे काडतूस आपल्याच राज्यात बनते तो बोर सोडून परक्याच्या मागे लागण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही.

तरीही पैसे देण्याआधी जवळच्या दोन परवानाधारक विक्रेत्यांना विचारावे की गेल्या वर्षभरात या बोरची किती काडतुसे आली आणि कोणत्या महिन्यात संपली. परवान्यावर वर्षाची जी संख्या लिहिली असेल तेवढी तरी मिळते का, याची खात्री करावी.

आमची जोडी

आता प्रश्न उरतो, दोन खुर्च्यांवर कोणाला बसवावे. आमचे मत असे.

पहिली खुर्ची बारा बोरच्या दुनळीची. एक तर तिचा परवाना तुलनेने सुलभ आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंच किंवा त्याहून लांब गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक, यांचा अर्ज कायद्यानेच वेगळा धरला आहे. रायफलीसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. दुसरे, एकाच बंदुकीत अनेक प्रकारचा माल चालतो. नुसता आवाज करून कळप उधळायचा असेल, एल.जी.चे मोठे छर्रे घालायचे असतील किंवा एकच गोळी, काडतूस बदलले की काम बदलते. एल.जी.चे एका औंसात सहा छर्रे बसतात, एस.जी.चे आठ. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे तिची पोच मर्यादित आहे. मोठा छर्रा पस्तीस-चाळीस पावलांपर्यंत खात्रीचा, त्यापुढे त्याचा जोर झपाट्याने मरतो. आपली शेते लहान आहेत, बांधापलीकडे वस्ती आहे, रात्री कोणी मोट किंवा पंप पाहायला निघालेला असतो. पोच कमी हा तेथे गुण ठरतो.

दुसरी खुर्ची, गरज असेल तरच, ३१५ च्या रायफलीची. तिची गोळी सुमारे सोळा ग्रॅमची, जड आणि मंद. सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास जाते. शंभर पावलांच्या आतील रानडुकराला ती पुरेशी आहे. ३०-०६ ची गोळी दहा ते बारा ग्रॅमची, पण वेग सेकंदाला आठशे मीटरहून अधिक. ती लांबवर सरळ जाते, नेम सोपा करते आणि धक्काही खांद्याला चांगलाच देते. ज्याला वनखाते बोलावते, ज्याच्याजवळ सरावाला मैदान आहे आणि दरवर्षी काडतुसे खर्चण्याची ऐपत आहे, त्याने ३०-०६ जरूर घ्यावी. बांधावरून राखण करणाऱ्याला तिच्या जोराचा उपयोग क्वचित होतो. धोका मात्र प्रत्येक बाराला असतो. चुकलेली रायफलीची गोळी तीन किलोमीटरपलीकडेही जाऊ शकते. सपाट रानात, मागे टेकडी किंवा मातीचा उंच बांध नसताना कोणतीही रायफल झाडणे म्हणजे शेजारच्या गावावर पैज लावणे आहे.

जोडी एक हलकी आणि एक भारी असावी, हा जुन्या जाणत्यांचा नियम होता. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारणारे जिम कॉर्बेट हलक्या कामाला २७५ ची रिग्बी वापरत आणि भारी कामाला ४५०-४०० ची दुनळी रायफल. दोन्हींची कामे वेगळी होती, म्हणून जोडी सार्थ होती. आज कोणी ३१५ असताना ३०-०६ घेतो तेव्हा तो एकच काम करणारे दोन नोकर ठेवतो. बारा बोर आणि ३१५ या जोडीत कामाची वाटणी आहे.

यावर कोणी म्हणेल की दोन घेता येतात तर चांगल्यातली चांगली घ्यावी, पैसा काय बरोबर न्यायचा आहे? आमचे उत्तर सरळ आहे. महागड्या रायफलीवर जो पैसा वाचेल तो सरावावर आणि लोखंडी कपाटावर खर्च करावा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्यासाठी बंदुकीच्या सुरक्षेचे प्रशिक्षण आवश्यक आहे. ते कागदापुरते उरकू नये. ज्याने वर्षात एकही बार काढला नाही त्याच्या हातातील उत्तम रायफल जनावराला जखमी करून सोडते. जखमी रानडुक्कर उलटून येते तेव्हा ते मालकाला शोधत नाही, सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईच्या अंगावर जाते.

जुनी घेताना

जुनी बंदूक घेणे वाईट नाही, पण पारखून घ्यावी. नळी उजेडाकडे धरून आतून पाहावी. गंजाचे खड्डे असतील तर पॉलिशने ते झाकले जातात, भरत नाहीत. दुनळीच्या नळ्या बिजागरीत हलतात का ते पाहावे. रायफलीचा बोल्ट त्याच बंदुकीचा आहे का, दोन्हींवरील क्रमांक जुळतात का, हे तपासावे. नळीवर चाचणीची सरकारी मोहोर असावी. दस्ता आपल्या हाताच्या लांबीला बसावा. दस्ता लांब पडला तर नेम चुकतो आणि खांदा दुखतो. परवाना, बिल आणि बंदुकीवरील क्रमांक या तिन्हींत एका आकड्याचाही फरक असेल तर सौदा तेथेच सोडावा.

कारागीर बांधवांना एक शब्द

शेवटी जे लेथ चालवतात, लोहारकाम, सुतारकाम करतात त्यांच्यासाठी. आपल्या समाजातील कारागिरांचा आणि बंदुकीचा संबंध जुना आहे. १७६० च्या दशकात मीर कासीमने राजधानी मुंगेरला नेली आणि तेथे शस्त्रशाळा उभारली, तेव्हापासून ते गाव बंदुकीच्या कसबासाठी ओळखले जाते. परवानाधारक छोट्या कारखान्यांतून तेथे बारा बोरच्या बंदुका बनत आल्या आहेत. त्याच गावाचे नाव चोरट्या मालामुळे वर्तमानपत्रांत बदनाम झाले, हेही खरे. कसब तेच होते, फरक परवान्याचा होता.

म्हणून कोणी ओळखीचा माणूस "नुसती स्प्रिंग बदलून दे", "नळी चार बोटे कापून दे" म्हणत आला तर स्पष्ट नाही म्हणावे. बंदूक बनवणे, विकणे याप्रमाणे दुरुस्त करणे, बदल करणे आणि चाचणी घेणे यांनाही कलम ५ खाली स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ नंतर याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. गिऱ्हाइकाजवळ बंदुकीचा परवाना आहे, हे दुरुस्ती करणाऱ्याचे संरक्षण नव्हे. ज्याला या कामात खरोखर गती आहे त्याने रीतसर परवाना काढून दुकान थाटावे. जुन्या बंदुका जोवर आहेत तोवर चांगल्या दुरुस्तीवाल्याला काम मिळेल. दस्त्याचे कव्हर, खांद्याचा पट्टा, काडतुसांचा कमरपट्टा, कुलुपाची पेटी ही कामे मात्र चामड्याच्या आणि लाकडाच्या कारागिराला आजही निर्धास्तपणे करता येतात, आणि त्यांत मोबदलाही बरा आहे.

तसेच लग्नात, वरातीत हवेत बार काढण्याची हौस असेल तर ती मनातच ठेवावी. निष्काळजीपणाने किंवा समारंभात असा बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वर गेलेली गोळी खाली येतेच.

तात्पर्य, बंदूक घेण्याआधी कागदावर पाच ओळी लिहाव्यात. काम काय, अंतर किती, पलीकडे वस्ती आहे की टेकडी, काडतूस कोठून येणार आणि आपल्या नावावर किती जागा शिल्लक आहेत. या पाच ओळी भरल्या की बोर आपोआप ठरतो. आणि पहिल्याच ओळीत लिहिण्यासारखे काही सापडले नाही, तर बंदूक घेऊ नये. कुंपण घालावे, राखणदार ठेवावा, वनखात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज वेळेत द्यावा. परवाना मिळू शकतो एवढ्यासाठी बंदूक घेणे आम्हाला कोणत्याही हिशेबाने फायद्याचे वाटत नाही.